जंगलात पायी चालण्यासाठी आरामदायी आणि बिनआवाजी बूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धपौर्णिमा जवळ आली की नागपुरात मला फोन सुरू होतात. कुणाला मचाणावर रात्र काढायची असते, कुणाचं नाव प्राणीगणनेच्या स्वयंसेवकांत लागलेलं असतं, कुणी पहिल्यांदाच वनरक्षकासोबत पायी फिरणार असतं. कॅमेरा, दुर्बीण, पाण्याची बाटली हे सगळं त्यांनी ठरवलेलं असतं. बुटांचं मात्र आदल्या संध्याकाळी आठवतं. त्या फोनवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दुकानात 'हंटिंग बूट' म्हणून विकतात. आपल्याकडे तर शिकार बंद आहे ना?

हो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानुसार शिकार हा गुन्हा आहे. बुटांचं नाव तेवढं जुनं राहिलं आहे. पण शिकाऱ्याला बुटांकडून जे हवं असायचं, तेच आज गणना करणाऱ्याला, वनरक्षकाला, पक्षी पाहणाऱ्याला आणि फोटो काढणाऱ्याला हवं असतं: तासन् तास चालून पाय दुखू नयेत आणि आपण येतोय हे जनावराला लांबून कळू नये. म्हणून 'हंटिंग' या शब्दाला बिचकू नका. त्या प्रकारचे बूट आपल्या कामाचे असू शकतात.

मी पेंचला जिप्सीतून सफारी करणार आहे. खास बूट लागतील का?

नाही. व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या वाटेवर गाडीतून उतरताच येत नाही. रोजचे, पाय झाकणारे, स्वच्छ बूट पुरेत. ते पैसे दुर्बिणीसाठी ठेवा.

बुटांच्या आवाजाला इतकं महत्त्व खरंच द्यावं का?

द्यावं, आणि हे मी गणनेत शिकले. देशभरातली वाघांची गणना दर ४ वर्षांनी होते. तिच्यात वाघाइतकंच त्याच्या भक्ष्याला महत्त्व असतं. चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर मोजायला ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालायचं असतं. साधारण २ किलोमीटरची रेषा असते. प्राणी दिसला की तो किती अंतरावर, कोणत्या कोनात, हे टिपायचं. ही सगळी रीत एका गृहीतावर उभी आहे: प्राणी आपल्यामुळे हलण्याआधी जिथे होता, तिथेच तो टिपला गेला पाहिजे. बूट वाजले आणि कळप आधीच चाळीस मीटर आत सरकला, तर अंतर चुकतं. कळप दिसलाच नाही तर तो आकड्यात येतच नाही.

माझ्या पहिल्या रेषेवर सोबतचे वनरक्षक दादा शंभरेक पावलांवर थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, बूट बोलून राहिले तुमचे." माझ्या कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. मग ते माझ्या मागे चालले आणि मला त्यांच्या जागी पुढे चालायला सांगितलं. उजव्या पायाचा इनसोल, म्हणजे बुटाच्या आतला सुटा तळ, प्रत्येक पावलाला 'चिक' करत होता. त्या दिवसापासून मी कोणतेही बूट आधी कानानं तपासते.

आवाज नेमका कुठून येतो?

लोक फक्त सोलकडे बघतात. माझ्या अनुभवात निम्मी कटकट सोलच्या वरच्या भागातून येते.

पहिली जागा इनसोल. घाम आला की तो खालच्या थरावर घासतो आणि चिकचिकतो. इनसोल काढून त्याखाली थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. दुसरी जागा बुटाची जीभ. ती बाजूच्या कापडावर घासून करकरते, विशेषतः नव्या लेदरच्या बुटांत. तिथे मेण किंवा बुटांचं क्रीम हलक्या हातानं लावा. तिसरी जागा धातूच्या कड्या आणि हुक, ज्यांतून लेस जाते. लेसची टोकं त्यांच्यावर टकटक वाजतात. लेसचा मोकळा भाग आत खोचून टाका.

मग पँट. जाड नायलॉनच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना घासले की जी सळसळ होते, ती कितीही चांगल्या बुटांनी झाकत नाही. सुती किंवा सुती-मिश्र, धुऊन मऊ झालेली पँट घाला. खिशातली नाणी, किल्ल्या, प्लॅस्टिकची पिशवी गाडीतच ठेवा.

शेवटी सोल. कडक, जाड सोल दगडावर टप्पदिशी आपटतो आणि काडी पायाखाली आली तर ती मोडल्यावरच तुम्हाला कळतं. मऊ सोलमधून काडी आधी जाणवते, आणि पाय थांबवता येतो. मऊ सोल का घ्यावा, याचं खरं कारण हेच आहे.

मऊ म्हणजे किती मऊ?

दुकानात बूट हातात घ्या. अंगठ्यानं सोल दाबा, थोडा दबला पाहिजे. मग टाच आणि टोक धरून वाकवा. चवड्यापाशी वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर तो फार लेचापेचा आहे, दगडगोट्यांत तळवा भाजल्यासारखा दुखेल. अजिबात वाकला नाही तर तो गिर्यारोहणाचा बूट आहे, आपल्या कामाचा नाही.

फार मऊ सोलचा धोका काट्यांचा. आपल्याकडे बाभूळ, हिवर आणि बोर ठिकठिकाणी आहे. वाळलेला बाभळीचा काटा स्लीपरमधून आरपार पायात शिरतो, हे विदर्भातल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून खाली पातळ पण चिवट रबर आणि त्यावर फोमचा मऊ थर, अशी जोडणी पाहा.

सोलवरच्या खाचांबद्दलही सांगते. खोल खाचा बर्फात आणि डोंगरात चांगल्या. आपल्या काळ्या मातीत पावसानंतर त्या गच्च भरतात आणि प्रत्येक पायाला पाव-पाव किलो चिखल चिकटतो. कोरड्या दिवसांत त्यांत खडे अडकतात आणि दगडावर कचकच वाजतात. उथळ, मोकळ्या खाचांचा सोल घ्या.

क्रेप सोलचे बूट सर्वांत शांत असतात, असं ऐकलं. घेऊ का?

शांत असतात, खरं आहे. क्रेप म्हणजे मऊ, सुरकुतलेलं कच्चं रबर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात असलेल्या नेथन क्लार्क या इंग्रज अधिकाऱ्यानं सोबतच्या अधिकाऱ्यांच्या पायात कैरोच्या बाजारात शिवून घेतलेले क्रेप सोलचे बूट पाहिले. त्यावरून १९५० मध्ये 'डेझर्ट बूट' बाजारात आला. कोरड्या, थंड जमिनीवर असा बूट सुरेख चालतो. नागपूरच्या मे महिन्यात मात्र पारा ४५ अंशांच्या वर जातो, जमीन त्याहून तापते. क्रेप नरम पडतो, चिकट होतो, वाळू आणि पानांचा चुरा ओढून घेतो. हिवाळ्यात हौसेनं वापरा, उन्हाळ्यात नको.

लेदर, कॅनव्हास की जाळीचे स्पोर्ट्स शूज?

जाळीचे बूट हलके आणि हवेशीर असतात, पण दिवाळीनंतर गवत वाळलं की त्यांत कुसळं घुसतात. कुसळाचं टोक भाल्यासारखं असतं आणि ते आतल्या दिशेनंच सरकत जातं. एकदा जाळीच्या बुटांनी कुरणातून गेलात की संध्याकाळ चिमट्यानं कुसळं काढण्यात जाते, आणि चालताना प्रत्येक पावलाला टोचतं ते वेगळंच.

मला स्वतःला कॅनव्हास आवडतो. वनखात्यातली बरीच मंडळी घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे जंगल बूट वापरतात. ते स्वस्त असतात, लवकर वाळतात, घासले तरी वाजत नाहीत. त्यांचा कमकुवतपणा तळव्याला असतो. चांगला इनसोल वेगळा आणून घातला तर तो दूर होतो.

मऊ लेदर, विशेषतः ज्याची खरबरीत बाजू वर असते ते, टिकाऊ आणि शांत असतं. चकचकीत कडक लेदर काट्याकुट्यांना घासून खरखरतं. बजेट असेल आणि वर्षातून दहा-पंधरा वेळा जंगलात जात असाल तर मऊ लेदर घ्या. वर्षातून दोनदा जाणार असाल तर कॅनव्हास.

वॉटरप्रूफ पडद्याचे बूट मी आपल्या भागासाठी सुचवत नाही. उन्हाळ्यात पाय आत उकडतो, घामानं मोजा भिजतो आणि भिजलेला मोजा वाजतो. नाल्यात पाणी वरून आत शिरलं तर ते दिवसभर आतच राहतं.

सापांसाठी घोट्याच्या वर बूट हवेतच का?

घोटा झाकला गेलाच पाहिजे, याबद्दल माझं मत पक्कं आहे. सर्पदंश बहुतेक वेळा पावलावर आणि घोट्याजवळ होतात. आपल्याकडे नाग, मण्यार आणि घोणस तिन्ही आहेत. घोणस पाचोळ्यात पडून राहिली की शेजारून जाऊनही दिसत नाही. जाड कापड किंवा लेदर आणि त्यावर सैल पँट, यामुळे दात खोल जाण्याची शक्यता कमी होते. पूर्ण बचाव होतो असं मात्र धरून चालू नका. पाय कुठे ठेवतो ते बघणं, आणि रात्री बॅटरी जमिनीवर धरणं, हे बुटांच्या आधी येतं. दंश झालाच तर पाय शक्यतो न हलवता थेट रुग्णालय गाठायचं.

विश्रामगृहात सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचवाला बुटाचा अंधार आवडतो.

माप कसं घ्यायचं?

संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि जंगलातही ते तसेच सुजणार असतात. जे मोजे घालून चालणार, तेच दुकानात घेऊन जा. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात गर्दीच्या वेळी दुकानदाराला घाई असते, पण तुम्ही घाई करू नका. दोन्ही पायांत बूट घालून, लेस बांधून, दुकानात पाच-दहा मिनिटं चाला.

पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र मागे उचलली जाता कामा नये. उतारावर बोटं पुढे आपटली तर दुसऱ्या दिवशी नखं काळी पडतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असणं अगदी सामान्य आहे, माप मोठ्या पायाचं घ्या.

आरामाचा आणि आवाजाचा संबंध इथे येतो. बूट चावायला लागला की माणूस नकळत टाच आपटतो, लंगडतो, पाय ओढतो. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला शांत चालणारी माणसं फोड आल्यावर पाचोळ्यातून फरफटत येताना मी पाहिली आहेत. दुखऱ्या पायानं कुणालाच हळू चालता येत नाही. म्हणून शांत बूट आणि आरामदायी बूट यांत निवड करायची वेळ आली तर आरामदायी घ्या.

मोजे कोणते?

नुसते सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड येतात. लोकर-मिश्र किंवा खेळाडूंचे, टाचेला जाड असलेले मोजे घ्या. उंची बुटाच्या वर चार बोटं. पँटचे पाय मोज्यात खोचता आले पाहिजेत, गोचिडांसाठी आणि त्याहून बारीक किड्यांसाठी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती. तो आजार गवता-झुडपांतल्या अगदी लहान किड्याच्या चाव्यातून होतो. पावसाळ्यात किंवा त्यानंतर जंगलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'मी जंगलात गेलो होतो' हे आवर्जून सांगा.

नवे बूट किती दिवस रुळवायचे?

कॅनव्हासला आठवडा, लेदरला तीन-चार आठवडे. आधी घरात, मग जिने चढून-उतरून, मग नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या झाडीत किंवा गोरेवाड्याला. पाचोळा, मुरूम आणि दगड, तिन्हींवर चालून बघा. सोबत कुणालातरी घ्या आणि दहा पावलं मागून ऐकायला सांगा. आपल्या बुटांचा आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही.

बूट चांगले घेतले, तरी सागाच्या जंगलात पाचोळा कडकड वाजतोच. काय करायचं?

सागाचं वाळलेलं पान म्हणजे पापडच. फेब्रुवारी ते मे दरम्यान त्या पाचोळ्यावर कुठल्याही बुटानं बिनआवाज चालता येत नाही. असे बूट आहेत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मग बाकीच्या गोष्टींवर काम करायचं.

वाट निवडा. वणव्यासाठी झाडून, जाळून मोकळ्या केलेल्या जाळरेषा, नाल्यातली वाळू, जनावरांच्या पायवाटा इथे पान कमी असतं. वेळ निवडा. पहाटे दवानं पान थोडं नरमतं, नऊनंतर ते पुन्हा कुरकुरीत होतं. गणना सूर्योदयाला सुरू होते ती मुख्यतः जनावरं तेव्हा हिंडती असतात म्हणून, पण या दवाचाही फायदा मिळतो.

आणि चाल बदला. पाऊल छोटं टाका. वजन मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाच्या बाहेरच्या कडेनं जमीन चाचपा, मग हळूहळू आतल्या बाजूला आणि टाचेवर भार द्या. खाली काडी लागली तर पाय उचलून दुसरीकडे ठेवा. वनरक्षक दादांचे शब्द माझ्या मनात बसले आहेत: "पाय टाकू नका, ठेवा." सुरुवातीला पोटऱ्या भरून येतात. घरी रोज दहा मिनिटं सराव केला तर पंधरवड्यात सवय होते.

दहा-पंधरा पावलं, मग थांबा. चितळ चरताना असंच चालतं, थोडं चालून थांबतं. सलग 'कर्र-कर्र-कर्र' असा एका लयीचा आवाज जंगलात फक्त माणसाचा असतो, आणि जनावरं ती लय ओळखतात. थांबलात की तुम्हालाही ऐकू येतं. माकडाची खकर, सांबराचा 'पोंक', चितळाची धोक्याची हाक, हे सगळं मी थांबलेल्या क्षणीच ऐकलं आहे.

इतकं शांत चालणं धोक्याचं नाही का? अस्वल समोर आलं तर?

फार महत्त्वाचा प्रश्न, आणि कमी जण विचारतात. अस्वलाची नजर अधू असते, वारूळ उकरताना किंवा मोहफुलं खाताना त्याचं आजूबाजूला लक्ष नसतं. आपण आवाज न करता जवळ पोचलो तर ते दचकतं आणि दचकून हल्ला करतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर असे हल्ले होतात.

म्हणून कुठे शांत राहायचं आणि कुठे आवाज करायचा हे वनरक्षक ठरवतो, आपण नाही. दाट झुडपाच्या, बांबूच्या किंवा वळणाच्या जागी तो मुद्दाम खाकरतो, काठी आपटतो. तेव्हा त्याला गप्प करू नका. आणि एकट्यानं, परवानगीशिवाय जंगलात पायी जायचं नाही, बूट कितीही चांगले असोत.

मचाणावर रात्र काढायची आहे, तिथे बूट घालून बसायचं का?

शिडी चढताना बूट हवेतच, वर पोचल्यावर काढा. लाकडी फळीवर बुटाची टाच सरकली तरी पाणवठ्यापर्यंत आवाज जातो. जाड मोज्यांवर बसा. बूट तोंडं बांधून जवळ ठेवा, पहाटे घालण्याआधी झटका.

माझा मामेभाऊ दक्षिण आफ्रिकेत राहतो, तिथे शिकारीच्या सफारीला जाणार आहे. त्याला कोणते बूट सांगू?

तिथे परवान्यानं शिकार चालते आणि ती मुख्यतः पायी माग काढत होते. कोरडा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, म्हणजे त्यांचा हिवाळा. पहाट बोचरी थंड, दुपार उबदार. तिकडचा पारंपरिक बूट 'फेल्टस्कून': मऊ लेदर, घोट्यापर्यंत, वरचं चामडं बाहेर वळवून थेट सोलवर शिवलेलं. हलका, वाकणारा आणि शांत. काटे तिथेही भरपूर आहेत, त्यामुळे सोल फार पातळ नको. वाळू आणि गवताचं बी आत जाऊ नये म्हणून घोट्याभोवती छोटे कापडी पट्टे बांधतात, तेही घ्यायला सांगा. इथले बूट नेणार असेल तर माती आणि बिया धुऊन काढून न्यावेत, परक्या देशात आपलं तण पोचू नये.

रंगानं फरक पडतो का?

पडतो. हरणांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो. निऑन पट्ट्यांचे आणि निळे बूट टाळा. मातकट, तपकिरी, मळका हिरवा ठीक. रात्री चमकणाऱ्या पट्ट्या असतील तर त्यांवर कापडी टेप लावा. जायच्या दिवशी पॉलिश लावू नका, त्याचा वास सांबराला वाऱ्यावरून लगेच कळतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीचे महागडे बूट कपाटात नवेकोरे पडून आहेत. ते चालतील का?

आधी तपासा. काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या दमटपणानं तो न वापरताही आतून कुजतो. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात माझ्या अशाच एका जोडाचा सोल तिसऱ्या किलोमीटरला चुऱ्यासारखा गळून पडला. उरलेली वाट सुतळीनं बूट बांधून चालले. सोलच्या बाजूला नख दाबून पाहा. भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला तर तो जोड जंगलात नेऊ नका.

रोजची निगा काय ठेवू?

इनसोल काढून सावलीत वाळवा. ओले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते आणि सोलचा चिकटा सुटतो. सोल कडेनं उघडायला लागला की लगेच मोच्याकडून कडेची शिलाई मारून घ्या, आणि शिलाईचा दोरा खाली घासत नाही ना, हे घरी फरशीवर दोन पावलं चालून ऐका.